२५ फुटी शिडाच्या बोटीत सरकता पलंग: ताई-भावोजींच्या केबिनचं प्रकरण

बोट २५ फुटी, फायबरग्लासची, एका डोलकाठीची. आत शिरलं की जिन्याशेजारी डावीकडे छोटा ओटा, मग मधल्या भागात दोन्ही बाजूंना एकेक सेटी म्हणजे लांब बाक, पुढे बल्कहेड म्हणजे बोटीतली आडवी भिंत, त्यातलं अरुंद दार आणि दारापलीकडे नाकाच्या टोकात व्ही आकाराचा बर्थ. या आकाराच्या बहुतेक जुन्या बोटींत हीच मांडणी असते त्यामुळे खाली जे लिहिलंय ते बऱ्याच जणांना थोड्याफार फरकाने लागू पडेल.

बोट माझ्या ताईची आणि भावोजींची. दोघं नांगर टाकून बोटीवरच राहणारी माणसं. अडचण व्ही बर्थची होती. त्यात आत शिरायचं म्हणजे गुडघ्यावर रांगत, आणि भावोजींचा गुडघा आता ते ऐकत नाही. त्यात रात्री वारा फिरला की उठून नांगर धरलाय का ते बघायला बाहेर यावं लागतं, म्हणजे ताईच्या अंगावरून ओलांडून यायचं, दोघांचीही झोप मोडते, आणि तो बर्थ पायाकडे इतका निमुळता की चार पाय एकमेकांत अडकतात. शेवटी भावोजी मधल्या सेटीवर एकटेच झोपायला लागले.

ताईने सांगितलं ते असं, "मला मधेच दोघांना झोपता येईल असं काहीतरी करून दे. पण दिवसा बसायची जागा गेली किंवा चालायची वाट अडली तर मी ते उचकटून टाकीन बघ." भावोजींची मागणी एकच, रात्री उठताना पाय थेट जमिनीवर पडले पाहिजेत.

या दोन वाक्यांत अख्खं डिझाईन आहे असं मला आजही वाटतं. लोक सरकत्या पलंगाचा विचार लाकडापासून सुरू करतात, कुठलं प्लाय, कुठली रेल, कसा सरकेल वगैरे. पण लहान केबिनमध्ये लाकूड सगळ्यात शेवटी येतं. आधी गादी, मग काठ, आणि मग लाकूड.

मापं

डावी सेटी घेतली कारण तिच्या समोरची जमीन मोकळी होती, टेबल बल्कहेडला बिजागऱ्यांवर घडी होणारं आहे. सेटीची लांबी १९८ सेंमी, हलपासून, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचापासून, समोरच्या काठापर्यंत खोली ६२ सेंमी, पुढच्या टोकाला हल आत वळतो म्हणून तिथे ५७. जमिनीपासून बैठकीच्या फळीची उंची ३६. दोन सेट्यांच्या मधली जमीन ६६ सेंमी रुंद.

एका माणसाला झोपायला ६० सेंमी पुरतात. दोघांना आरामात झोपायचं तर खांद्यापाशी १२० सेंमीच्या आसपास हवेत, पायापाशी ९० चालतात. १२० करायचे तर सेटी ५८ सेंमी बाहेर आली पाहिजे, मग उरते ८ सेंमीची फट, आणि त्यात भावोजींचा पाय जाणार नाही. म्हणजे पूर्ण डबल बेड हा विषय तिथेच संपला. दोघं अंगाने बारीक आहेत, १०० च्या वर काहीही चालेल म्हणाले.

मोजताना एक सांगतो, तरंगत्या बोटीत स्पिरिट लेव्हल काढूच नका. एक माणूस या बाजूचा त्या बाजूला गेला की बुडबुडा पळतो. बल्कहेड हा आपला गुण्या, आणि बाकी सगळं त्याच्यापासून मोजायचं.

काय काय शक्य होतं

टेबल खाली उतरवून दोन सेट्यांमध्ये फळी टाकायची, ही सगळ्यात सोपी पद्धत आणि अनेक बोटी अशाच येतात. पण मग अख्खी जमीनच झाकली जाते, रात्री उठायचं म्हणजे जिन्यापर्यंत पुन्हा रांगणं. गेलं बाद. बिजागरीवर उलटून पडणारी फळी, तिच्यावर अर्धी गादी. हे स्वस्तात होतं पण उघडताना फळीचा अख्खा घेर फिरायला जागा लागते आणि बंद असताना बैठकीची उंची वाढते. इथे वर बाजूच्या डेकची उंची मोजकीच आहे, बसलेल्या माणसाला गादीच्या वर ९० सेंमी तरी मोकळे हवेत, त्यामुळे एकेक सेंमी महाग. ड्रॉवरच्या धातूच्या सरकपट्ट्यांचंही कोणीतरी सुचवलं होतं. माझं मत स्पष्ट आहे, बोटीत नको. खारट दमट हवेत त्यांच्या गोळ्या लवकर जाम होतात आणि काठावर धपकन बसणारा माणूस पेलण्यासाठी त्या बनलेल्याच नसतात.

उरली ती एकमेकांत सरकणाऱ्या रिपांची पद्धत. अर्ध्या रिपा बोटीला पक्क्या, अर्ध्या समोरच्या काठाला जोडलेल्या, आणि दोन्ही एकाच पातळीवर एकाआड एक बसतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून मग हळूहळू लांब करावीत तसं. बंद असताना सलग बैठक, उघडल्यावर फटींचा पलंग. जाडी फक्त एका रिपेची म्हणजे २० मिमी, आणि हवा खेळते हा फायदा मी सगळ्यात मोठा धरतो. जुन्या सेटीच्या प्लायवर गादी उचलली की खालचा कपडा नेहमी ओला आणि काळपट डागांचा असायचा, अंगाची ऊब वरून आणि हलचा गारठा खालून, मधे पाणी सुटणारच.

आधी गादी

सेटीवर बसायची गादी १० सेंमी जाड आणि पूर्ण ६२ सेंमी खोल आहे, पाठीची गादी तिच्यावर उभी राहते. बऱ्याच बोटींत पाठीची गादी फळीवर टेकते आणि बसायची गादी तिच्या पुढे संपते, तिथे हे गणित वेगळं होतं, म्हणून आधी आपली कशी आहे ते बघा. इथे गादीच्या वरपासून वरच्या कप्प्यापर्यंत ४४ सेंमी जागा, म्हणजे पाठीची गादी ४४ उंच. आता पलंग बाहेर ओढला की पाठीची गादी आडवी पडून मोकळी झालेली जागा भरणार, म्हणून पलंग ४४ सेंमीच बाहेर यायला हवा. ४० नाही, ५० नाही. ४४ आला की ६२ आणि ४४ मिळून १०६ सेंमीचा पलंग, आणि जमीन उरते २२ सेंमी, तिच्यात पाय तिरका करून उभं राहता येतं आणि हात टेकायला समोरची सेटी आहेच. पायाकडच्या टोकाला १०१ मिळतात, तिथे तसेही पायच असतात.

वेगळी गादी नको, ती दिवसा ठेवायची कुठे हा प्रश्न नको, हे सगळं फक्त ४४ धरल्यामुळे.

आणखी एक गोष्ट यातून आपोआप सुटली. बसायची गादी सरकत्या भागावरच ठेवली तर ती पलंगाबरोबर बाहेर येते, आणि पाठीची गादी मागे हलच्या बाजूला पडते. एका हाताने ओढ, दुसऱ्या हाताने पाठीची गादी पाड, झालं. शिवाय बाहेरच्या काठावर रुंद गादी येते त्यामुळे काठावर बसणाऱ्याच्या खाली जोड येत नाही. जोड येतो हलपासून ४४ सेंमीवर. दोघांनी १०६ वाटून घेतले तर प्रत्येकी ५३, म्हणजे जोड आत झोपणाऱ्याच्या अंगाखाली येतो, ताईच्या. त्यासाठी वरून ४ सेंमीची पातळ गादी अंथरायची ठरली, दिवसा ती गुंडाळून व्ही बर्थमध्ये.

पाठीच्या गादीचा फोम नेहमी मऊ असतो आणि बसायचा घट्ट. तसाच ठेवला असता तर मधे पायरी जाणवली असती, म्हणून पाठीची गादी नव्याने त्याच फोमची केली, ४० किलो प्रति घनमीटर घनतेचा, जाडी तीच १०. पाठ टेकायला किंचित कडक झाली हे खरं, पण भावोजी म्हणाले उलट बरं वाटतंय. पुढच्या टोकाला हल ५ सेंमी आत येतो तिथे तिचा कोपरा तिरका कापला.

लाकडाला हात लावायच्या आधी हे सगळं जाड पुठ्ठ्याने करून बघितलं. जमिनीवर मास्किंग टेपने पलंगाचा काठ आखला, त्याच्याबाहेर पाय न टाकता जिन्यापर्यंत जाऊन यायला भावोजींना सांगितलं, अंधारात. जमलं. त्यानंतरच लाकूड मागवलं.

काठ

पलंगावर माणूस झोपतो तेव्हा वजन पसरतं, तिथे काही होत नाही. जीव जातो तो काठावर. माणूस उठताना आणि बसताना अख्खं वजन काठाच्या एका हातभर जागेत देतो, आणि बोट हलत असेल तर धपकन देतो.

सरकत्या रिपा मागच्या टोकाला खालून एका आडपट्टीने जोडलेल्या आहेत. ही आडपट्टी पक्क्या रिपांच्या खालून सरकते, त्यामुळे सरकत्या भागाचं शेपूट वर उचललं जात नाही, आणि पूर्ण उघडल्यावर ती समोरच्या टेक्याला, म्हणजे रिपा ज्यावर टेकून सरकतात त्या समोरच्या आधाराला, आतून अडते, म्हणजे पलंग निसटून बाहेरही येत नाही. एका पट्टीत दोन कामं. पण पूर्ण उघडलेल्या अवस्थेत आडपट्टी आणि टेक्याची बाहेरची कड यांत अंतर राहतं जेमतेम ६ सेंमी. आता ९० किलोचा माणूस टेक्यापासून ४४ सेंमी बाहेर बसला तर आत शेपटाला किती जोर येतो? ९० गुणिले ४४ भागिले ६, म्हणजे ६६० किलो. चार-पाच रिपांच्या स्क्रूंवर साडेसहाशे किलोचा उपटा. म्हणून पायांशिवाय हा पलंग म्हणजे सापळा आहे, आणि "दोन-चार रात्रीच तर झोपायचंय, पाय कशाला" असं म्हणणाऱ्यांना मी हेच गणित दाखवतो.

काठाची टोकं दोन्हीकडे बल्कहेडला आधार देऊन टेकवावीत असं आधी मनात होतं, त्यात पाय कमी लागतात. पण पुढच्या बल्कहेडला नेमकं तिथेच दार आहे आणि मागच्या बाजूला जिन्याची पायरी, नडगी फुटायला उत्तम जागा. मग तीन पाय केले, दोन टोकांशी आणि एक मधे. पाय ६० मिमी रुंद १८ मिमी जाड, काठाच्या फळीला आतून बिजागरीवर, बंद करताना काठाला समांतर आडवे घडी होतात. काठाची फळी समोरच्या प्लायपासून थोडी पुढे राहते, त्या २० मिमीच्या फटीत पाय मावतात, आणि बसल्यावर टाचा आत घ्यायला जागा मिळते ती वेगळी.

तीन पाय एका ओळीत असले की जमीन जराशी जरी वाकडी असेल तर दोनच टेकतात, तिसरा लोंबतो. म्हणून प्रत्येक पायाच्या तळाला फिरवून उंची जुळवता येणारा एम ८ चा स्क्रूचा पाय, खाली रबर. आणि हे तिन्ही पाय जमिनीच्या फळ्यांवर कुठेही पडून चालत नाही, फळीखालच्या आडव्या तुळईच्या डोक्यावरच आले पाहिजेत, नाहीतर बिल्जवरची, म्हणजे तळाच्या पोकळीवरची, सुटी फळी वाकणार. मधल्या पायाची जागा त्यासाठी थोडी मागे घ्यावी लागली.

काठाची फळी अ‍ॅशची, २२ बाय ७० मिमी, उभी. दोन पायांत मीटरभर अंतर, मधोमध ९० किलो टाकले तर हिशेबाने अडीच मिमीच्या आत वाकते. वॉर्निश करायच्या आधी ताई-भावोजींना दोघांनाही एकाच जागी काठावर बसवलं, खाली सरळ पट्टी धरून बघितलं, ३ मिमी. मला तेवढंच हवं होतं. फळीची वरची कड रिपांच्या वर १२ मिमी ठेवली, त्याने गादी पुढे सरकत नाही.

जुनी बैठक कापताना

इथे सगळ्यात जास्त सांभाळायचं असतं. सेटीची वरची प्लाय ही नुसती बसायची फळी नसते. ती हलला फायबरग्लासच्या पट्ट्यांनी जोडलेली असते आणि हलच्या बाजूला आडवा ताठपणा देते. ती पूर्ण कापून काढली तर बोटीची बाजू लाटेवर आत-बाहेर व्हायला लागेल, कदाचित दिसणारही नाही, पण होईल. म्हणून हलच्या कडेने ६ सेंमीची पट्टी तशीच ठेवली, समोरची आणि दोन्ही टोकांची कड ठेवली, आणि फक्त मधला भाग जिगसॉने काढला, कोपरे गोल. कोपरा काटकोनात कापला की तिथूनच चीर सुरू होते.

गेलेला ताठपणा भरून काढायला खाली १२ मिमी मरीन प्लायचे दोन उभे पडदे बोटीच्या रुंदीत आडवे घातले, आडपट्टी वरून सरकेल एवढे बुटके. त्यांनीच लॉकरचे कप्पे झाले आणि पाण्याची टाकीही दोघांत घट्ट बसली. पडद्याची कड हलला थेट टेकवायची नसते. टेकवली तर हल त्या एका रेषेवर कडक होतो आणि तिथेच दुमडायला बघतो, बाहेरून उभी रेघ दिसायला लागते. म्हणून मधे फोमची पातळ पट्टी, दोन्हीकडून इपॉक्सीच्या लगद्याने गोलाई, आणि वरून बायअ‍ॅक्सियल म्हणजे दोन दिशांत धागे असलेल्या फायबरग्लास कापडाच्या पट्ट्यांचे दोन थर, एक १० सेंमी एक १५. हलचा वाकडा आकार प्लायवर कंपासने उतरवून घेतला, फोमच्या जाडीएवढी फट ठेवायची असल्याने अगदी केसभर जुळायची गरज नव्हती.

हल जुना पॉलिएस्टरचा. त्यावर नव्या जोडासाठी इपॉक्सीच वापरा, पूर्ण वाळलेल्या पॉलिएस्टरला पॉलिएस्टर तितकं धरत नाही. वेस्ट सिस्टीमचं १०५ रेझिन आणि २०५ हार्डनर, आकारमानाने ५ ला १. आधी सॉल्व्हंटने पुसायचं आणि मग ६० नंबरच्या पेपरने घासायचं, उलट केलं तर चिकटपणा ओरखड्यांत जाऊन बसतो. आणि वाळल्यावर वर एक मेणचट थर येतो तो साध्या पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुतल्याशिवाय त्यावर पुढचा थर किंवा रंग द्यायचा नाही. बंद केबिनमध्ये हे काम, हॅच उघडे ठेवून आणि चांगला मास्क लावूनच, घासताना उडणारी धूळ तर फारच वाईट.

याच सेटीखाली एक सीकॉक आहे, म्हणजे हलमधून आरपार जाणाऱ्या पाण्याच्या नळीची बंद-चालू करायची झडप. पूर्वी वरचं झाकण उचलून त्याच्यापर्यंत पोचता यायचं, आता वर रिपा आल्या. पाणी आत येत असताना रिपा उलगडत बसणं मला मान्य नव्हतं, त्यामुळे समोरच्या उभ्या प्लायमध्ये ३० बाय २५ सेंमीची दोन दारं कापली, वर ८ सेंमी पट्टी शाबूत ठेवून. सीकॉकच्या दाराला कुलूप-बिलूप काही नाही, बोट घालून ओढलं की उघडतं. टाकीचं झाकण मात्र वरूनच, त्यासाठी पक्क्या रिपा गोंदाने चिकटवल्या नाहीत, प्रत्येक टोकाला एकेक स्टेनलेस ३१६ चा स्क्रू, चार-पाच रिपा सोडवल्या की हात जातो. टाकी काही रोज उघडायची नसते.

रिपा

पक्क्या २१, सरकत्या २०, प्रत्येक ४५ मिमी रुंद आणि २० जाड, मधे ३ मिमीची फट. ४१ गुणिले ४५ अधिक ४० गुणिले ३ म्हणजे १९६५, दोन्ही टोकांना साडेसात-साडेसात मिमी मोकळे, १९८० पूर्ण.

फट ३ का? अ‍ॅश फुगतं. लाकडातला ओलावा १० टक्क्यांवरून १६ वर गेला, आणि बोटीत तो जातोच, तर ४५ मिमीची रीप पाऊण मिमीच्या जवळपास रुंद होते, आणि दोन शेजारणी दोन्हीकडून सरकून फट तेवढीच खातात. १ मिमी फट ठेवणाऱ्याचा पलंग कोरड्या वर्कशॉपमध्ये लोण्यासारखा सरकतो आणि पहिल्या ओल्या आठवड्यात जागचा हलत नाही.

पण सगळ्या फटी सैल ठेवल्या तर दुसरीच कटकट. जवळपास दोन मीटर लांब आणि फक्त ४४ सेंमी बाहेर येणारी वस्तू एका टोकाला ओढली की तिरकी होते आणि अडकते, जुन्या रुंद ड्रॉवरचा अनुभव सगळ्यांना आहे. यावर उपाय म्हणजे दिशा फक्त मधे धरायची आणि बाजूला मोकळं सोडायचं. मधल्या दोन सरकत्या रिपा ४५ ऐवजी ४७ मिमी केल्या, तिथे फट २ मिमी, बाकी सगळीकडे ३. वाट दाखवायचं काम त्या दोनच रिपा करतात. आणि ओढायची खाच काठाच्या बरोबर मध्यावर एकच, टोकांना मुद्दाम काहीच दिलं नाही, कारण हात लावायला जागा दिली की माणूस तिथूनच ओढणार. हे इतकं छान चाललं की ताई एका हातात कप धरून पलंग उघडते.

पुढच्या टोकाला हल आत येतो तिथे शेवटच्या ४ सरकत्या रिपा आखूड केल्या आणि आडपट्टीत घेतल्याच नाहीत, नाहीतर पलंग बंद होताना आडपट्टी हलकडच्या कडेवर आपटली असती. त्या पायाकडच्या आहेत, तिथे भार कमी.

सरकत्या रिपा काठाला जोडताना एक मोह होतो, काठाच्या फळीतून सरळ रिपेच्या टोकात स्क्रू मारायचा. टोकाच्या रेषांत स्क्रू धरत नाही, दोन-चार महिन्यांत डुगडुगतो. फळीच्या आतल्या अंगाला २० बाय २० ची पट्टी चिकटवून स्क्रू मारून पक्की केली आणि रिपा तिच्यावर वरून बसवल्या.

अ‍ॅश ताठ आणि चिवट पण ओलाव्यात कुजणारं लाकूड आहे. प्रत्येक रीप सहाही बाजूंनी वॉर्निश केली, टोकांना एक हात जास्त, कारण पाणी शिरतं ते तिथूनच. बसवल्यावर वॉर्निश करू म्हणून ठेवलं तर फटीत ब्रश जातच नाही. टेक्याच्या वर गुळगुळीत प्लॅस्टिकची पातळ टेप लावली आणि रिपांच्या बाजूंना मेणबत्ती घासली, तेल मात्र नको, ते गादीला लागतं आणि धूळ धरतं.

चालू बोटीत

सरकता भाग पायांसकट १०-११ किलोचा. बोट २५ अंशांनी उजवीकडे कलली की त्यातले साडेचार किलो सतत त्याला बाहेर ओढत असतात, वर लाटेचे हिसके. चुंबक, फिरकीची लाकडी कडी वगैरे मी धरत नाही. काठाच्या दोन्ही टोकांना स्टेनलेसचे टॉवर बोल्ट खाली समोरच्या प्लायमधल्या भोकात उतरतात. नांगर उचलायच्या आधी ते लावलेत का हे बघायचं ही भावोजींची शिस्त.

उघडलेला पलंग फक्त नांगरावर किंवा धक्क्याला. चालू बोटीत झोपायचं ते बंद सेटीवर, एकट्याने, बाजूला कापडी आड लावून, कारण हलत्या बोटीत अरुंद जागाच अंग धरून ठेवते. हे कापड बांधायचं कुठे यावर बराच विचार केला. सरकत्या काठाला बांधलं तर झोपलेल्या माणसाचं सगळं वजन बोल्टवर येतं. म्हणून ते समोरच्या पक्क्या प्लायला, काठाच्या फळीच्या खाली, लांब पट्टीखाली दाबून पक्कं केलं आणि तिथून काठाच्या बाहेरून वर छताच्या कड्यांना ताणलं. आता माणूस कापडावर लवंडला तर कापड काठाला आतच दाबतं.

वापरल्यावर

दमट दिवसांत पलंग जरा जड सरकतो पण अडकलेला नाही. गादीखालचा कपडा कोरडा असतो, ताईने मला सगळ्यात आधी फोन करून सांगितलं ते हेच. बंद असताना फटी भरलेल्या राहतात त्यामुळे हवा कमी खेळते, म्हणून बोट बरेच दिवस रिकामी ठेवताना पलंग अर्धा उघडा ठेवून जायचं असं ठरवलंय, गाद्या उभ्या करून.

एक तक्रार आली, नांगरावर बाजूने लाटा आल्या की बंद रिपा टकटक वाजतात, फार जाणवतं. फेल्ट लावा असं एकाने सुचवलं पण फेल्ट ओलावा धरून बसतं. त्याऐवजी आडपट्टीच्या मागच्या अंगाला रबराचे तीन तुकडे लावले, पलंग बंद झाला की ते हलकडच्या कडेवर किंचित दाबले जातात आणि टॉवर बोल्ट तो दाब धरून ठेवतात. आवाज गेला. दुसरी तक्रार जिन्याकडच्या टोकाच्या पायाची, अंधारात बोटं आपटतात. त्या पायाची कड गोल केली आणि त्यावर पांढरी टेप लावली, पाय काही हलवता आला नाही, तुळई तिथेच आहे.

वर्षातून एकदा पायांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू आणि आडपट्टीचे स्क्रू आवळून घ्यायचे, आणि पडद्यांच्या जोडाला कुठे पांढरी रेघ दिसते का ते टॉर्च लावून बघायचं, जोड सुटायला लागला की ती आधी दिसते. भावोजींनी हे दोन्ही नांगराची साखळी तपासायच्या यादीतच खाली लिहून ठेवलंय.